मुलखाचं वाटोळं कुणी केलं

माघ, शुक्रवार, सांज.

आज आला तो नंदिगड्ड्याचा म्हातारा, नातवासाठी आमची गंगी बघायला. पाव्हण्याच्या कमरेचा कोयता दारातच काढून घ्यायचा, आनंदात मी विसरले. बसल्या बसल्या ह्यांच्याशी वाद, आपल्या मुलखाचं जास्त वाटोळं कुणी केलं?

"गादीपायी भाऊ मारणाऱ्या राजानं," हे म्हणाले.

"न्हाई, किल्ल्याचं दार उघडणाऱ्या फितुरानं!"

"तुमच्याच गावचा असंल!"

झालं! म्हाताऱ्यानं कोयता उपसला, ह्यांच्या दंडातनं रक्ताची धार. मोडली सोयरीक म्हणून मी रडतेय, तर गंगीनं मुसळ हाणून कोयता पाडला. "मेलेल्या राजांपायी माझं लगीन मोडता व्हय?"

म्हातारा मनगट चोळत हसला. "हीच सून पायजे!" ह्यांच्या दंडाला हळद त्यानंच बांधली. केवढं रक्त, बाई! पण गंगीचं जमलं. सोमवारी येतो म्हणालेत, सुपारी फोडायला.