हरणं वर आणण्यासाठी

मी तिचं डोकं धरून उभी आहे, बाबा, आणि खालचा शेतकरी दोर घेऊन येईपर्यंत ती घसरू नये म्हणून डावा बूट तिच्या खांद्याखाली रुतवून ठेवला आहे. फॅलो जातीच्या हरणाची मादी, तीन-चार वर्षांची. त्याने सकाळी गोळी घातली, पोट जागेवरच साफ केलं, तरी ती चाळीस किलोच्या खाली नसेल. उतार ओला आहे. नेचे तांबूस होऊन आडवे पडले आहेत. त्यांच्यावरून खाली काहीही जातं, वर काहीच जात नाही. शेतकरी आला, दोराचा फास मादीच्या गळ्यात टाकला आणि दुसरं टोक त्याच्या क्वाडच्या, म्हणजे चार जाड चाकांच्या शेतावरच्या मोटरसायकलच्या, मागच्या हुकात अडकवायला निघाला.

"ओढायची नाही," मी म्हणाले.

"मेली आहे ती. तक्रार करणार नाही."

"तरी नाही. उचलू या."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फास काढला. "आणखी एक डॉक. एक पुरे होता." तुम्हाला तो डॉक म्हणायचा, डॉक्टरमधलं डॉक. मग न सांगता त्याने मागचे पाय धरले. डोकं कोणाकडे असतं हे त्याला तुमच्यामुळे माहीत आहे.

हे मी दुपारी लिहिते आहे, टेकडीवरच्या तुमच्या लाकडी केबिनमध्ये. कागद सापडला नाही म्हणून कामाच्या बॅगेतले मशीन-तपासणीचे कोरे फॉर्म काढले आणि त्यांच्या पाठीवर लिहायला बसले. स्टोव्ह पेटायला वेळ घेतो, अजूनही. भिंतीवरच्या फळीवर तुमचा सावजी मसाल्याचा डबा आहे. त्यात आता खिळे ठेवलेले आहेत. आई घरात हरणाचं मटण शिजवू देत नसे, म्हणून तुम्ही ते इथे शिजवायचात आणि आपण दोघं पायरीवर बसून, डोळ्यांतून पाणी काढत, विकतच्या ब्रेडबरोबर खायचो. तुम्हाला शिकार आवडत नव्हती, हे आईला कधी पटलं नाही. तुम्हाला झाडं आवडत होती. ओकची रोपं तुम्ही एकेक करून नळ्यांमध्ये लावलीत, हरणांनी ती नळ्यांच्या वर आली की खाल्ली, आणि आयुष्यभर नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात माणसांना भूल देऊन पुन्हा जागं करणारे तुम्ही पन्नाशीत बंदूक चालवायला शिकलात.

ओढायचं नाही, हे मी शिकले ते मात्र इथे नाही. मी सोळा वर्षांची होते. शनिवारी दुपारी मला गाडीतून घरी न्यायचं होतं आणि तुमचं काम संपलेलं नव्हतं, म्हणून मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर बसले होते. एका बाईला ट्रॉलीवरून पलंगावर घेत होते. एका पोर्टरने चादर धरून खेचली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही तिच्या डोक्यामागे जाऊन उभे राहिलात, दोन्ही हात तिच्या मानेखाली घातलेत आणि म्हणालात, "डोकं माझ्याकडे. तीन म्हटल्यावर. उचलायचं, ओढायचं नाही." गाडीत मी विचारलं, एवढं काय झालं त्यात? तुम्ही म्हणालात, "अगं, झोपलेल्या माणसाला सांगता येत नाही कुठे लागतंय ते. म्हणून डोकं धरणाऱ्याने त्याच्या वतीने बघायचं." नंतर हेच तुम्ही मेलेल्या हरणांना लावलंत. दोघं असलात तर उचलायचात. एकटे असलात तर खांद्यावर घ्यायचात, थांबायचात, पुन्हा घ्यायचात. शेतकरी हसायचा. पण तुमच्याबरोबर असताना तोही कधी ओढत नसे.

आता त्याचा गुडघा गेला आहे. तो अजून गोळी घालू शकतो, वर आणू शकत नाही. हरणं वर आणता येत नसतील तर मारता येत नाहीत, आणि मारली नाहीत तर दोन हिवाळ्यांत तुमची झाडं संपतील. मी आईला शब्द दिला होता की हरणं चढावरून वर आणणारं आणि मला परवडेल असं एखादं यंत्र हिवाळ्याआधी मिळालं तर टेकडी ठेवू, नाही तर मार्चमध्ये विकू. आई फोनवर म्हणाली, "विकूनच टाक गं. त्या टेकडीने एकाला नेलं तेवढं पुरे."

मी तीन यंत्रं बघितली. पहिलं बर्मिंगहॅमच्या बाहेरच्या शोरूममध्ये. इतकं स्वच्छ होतं की त्याच्यावर चिखल कल्पनेतही बसेना. तिथला माणूस त्याला क्वाड म्हणायला तयार नव्हता, एटीव्ही म्हणत होता.

"वापर कशासाठी, मॅडम?"

"हरणं आणायला. डोंगरावर."

"जिवंत?"

"नाही."

त्याने मला कोणते रंग मिळतात ते सांगितलं. किमतीचा कागद मी न उलगडता परत दिला. दुसरं इंटरनेटवरच्या जाहिरातीत सापडलं, एका घरामागच्या गॅरेजमध्ये होतं. नवं, चकचकीत, आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त. मी आधी इंजिनाला हात लावला. आमच्या कामात ही पहिली गोष्ट. विकणाऱ्याने गिऱ्हाईक यायच्या आधीच मशीन सुरू करून ठेवलं असेल तर गार असताना ते सुरू होत नाही हे तो लपवतो आहे. इंजिन गरम होतं. खाली वाकून पाहिलं तर ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. सपाट शेतावर चाललं असतं. ओल्या नेच्यांवर ते जागच्या जागी चाकं फिरवत बसलं असतं.

तिसरं खालच्या शेतकऱ्याचं. लाळ्या-खुरकुताच्या साथीत त्याची सगळी मेंढरं मारावी लागली. त्यानंतर त्याने पुन्हा घेतली नाहीत, आणि क्वाड गोठ्यात उभी राहिली, पाच वर्षं. लाल रंग उडून गुलाबी झालेला. सीटवर टेप. वास अजून मेंढ्यांचा. पण चारही चाकांना ताकद आहे, चढासाठी वेगळा हळू गिअर आहे, आणि उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनच तिला धरून ठेवतं. मी चाकं हलवून बेअरिंग बघितली, आसांवरची रबरं बघितली, तेल बोटावर घेऊन बघितलं. तुम्ही दिलेला पान्यांचा संच वापरला. मला हॉस्पिटलातली यंत्रं बघायची पहिली नोकरी लागली त्या वर्षी तो पोस्टाने आला होता, हॉस्पिटलच्या हिरव्या कापडात गुंडाळून, चिठ्ठीशिवाय. त्याच्या आधीच्या दिवाळीत फराळाला आलेल्या डॉक्टर मंडळींपैकी कोणीतरी विचारलं होतं, मुलगी कुठल्या स्पेशालिटीत आहे, आणि तुम्ही म्हणाला होतात, "ती पेशंट बघत नाही. पंप आणि पाइप बघते." सगळे हसले. मीही हसले. पाने आले तेव्हा मला वाटलं, हाही टोमणाच.

"चढावर वजन घेऊन चालव आणि मग सांग," शेतकरी म्हणाला होता. म्हणून आज सकाळी ही मादी. आम्ही तीन म्हटल्यावर तिला उचललं आणि मागच्या रॅकवर ठेवलं, तुम्ही ठेवली असतीत तशी, जमिनीपासून उंच. दोराने बांधलं. मी हळू गिअर टाकून सरळ चढावर घेतली. वीस-पंचवीस फुटांवर हँडल हातात हलकं झालं. पुढची चाकं जमिनीला नुसती टेकली होती. अजून थोडा चढ असता तर क्वाड मागे उलटून माझ्या अंगावर आली असती. मी पुढे झुकले, ब्रेक धरला आणि ओरडले. शेतकऱ्याने येऊन मागच्या चाकांना दगड लावले.

"थोडी नाचते ती," तो म्हणाला.

"वजन उंच आहे आणि मागे आहे. खाली हवं. कोकरं न्यायची तुमची ट्रॉली आहे ना, ती छोटी?"

"तिचा तळ सडलाय."

"फळी टाकू."

फळी टाकली. मादी ट्रॉलीत आडवी ठेवली, हातभर उंचीवर. ती कुठे घासली नाही. क्वाड एकदाही न थांबता वर आली, केबिनच्या दारापर्यंत. दहा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं, कारण मला माहीत आहे की तुम्हाला एकट्याला दीड तास लागायचा.

वर आल्यावर त्याने थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतला. मी म्हटलं, घेते मी ही. त्याने सीटवरची सुटलेली टेप अंगठ्याने दाबली. मग म्हणाला, "ही तीच आहे, माहीत आहे ना तुला?"

"कुठली तीच?"

"डॉकला देणार होतो ती. तेव्हा मी नवी घेणार होतो, ही त्याला स्वस्तात देणार होतो. सप्टेंबरपासून सांगत होतो, घेऊन जा, पैसे सावकाश दे. तर म्हणाला, नाही. माझी मुलगी येऊन तपासेल, मग घेईन. हॉस्पिटलातली सगळी मशीनं तीच तपासते. तिने हो म्हटल्याशिवाय मी कशावरही बसत नाही." त्याने चहा संपवला. "मग तो गेला, आणि मी नवी काही घेतली नाही. मेंढरं होती तोवर हिच्यावरच भागवलं."

मी झाकण पुसून त्याला परत दिलं. पुढचं तुम्हाला सांगते आहे.

तुम्ही तीनदा फोन केला होतात. सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तिन्ही वेळा जवळजवळ तेच बोललात. "अगं, शनिवारी मोकळी आहेस का? इकडे एक क्वाड बघायची आहे. मला त्यातलं कळत नाही. तुला कळतं." तुला कळतं, असं तुम्ही मला त्याआधी कधी म्हणाला नव्हतात. मला ते ऐकू आलं. ऐकू आलं म्हणूनच मी थांबले. मला वाटलं, अजून थोडं थांबावं, अजून एकदा विचारू द्यावं. मी तिन्ही वेळा म्हणाले, "ऑन कॉल आहे, बाबा." ऑन कॉल म्हणजे ड्यूटी, आणि आपल्या घरात ड्यूटीपुढे कोणी बोलत नसे. माझ्या शाळेच्या बक्षीस-समारंभाला तुम्ही ऑन कॉल होतात, आईच्या ऑपरेशनच्या दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलात ऑन कॉल होतात, आणि आम्ही कधी कुठे, किती वाजेपर्यंत असं विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. "बरं," म्हणालात. "मग पुढच्या वेळी. काम आधी."

तिसऱ्या फोननंतरच्या शनिवारी तुम्ही मारलेली मादी आणायला एकटे खाली उतरलात. शेतकऱ्याला रविवारी सापडलात, चढाच्या मध्यावर, जिथे आज मी ब्रेक धरला त्याच्या थोडं वर. नोव्हेंबर होता आणि तुमच्या अंगात फक्त स्वेटर होता. कोट मादीखाली अंथरलेला होता. तुमचे हॉस्पिटलातले मित्र म्हणाले, हृदय थकलेलंच असणार. कोटाबद्दल म्हणाले, ओढायला सोपं जावं म्हणून असेल. मला कारण माहीत होतं. तुम्ही तिला खाली ठेवून दम घेत होतात आणि जमीन ओली होती, एवढंच.

अकरा वर्षं मी असं धरून चालले की यंत्र असतं तर तुम्ही वाचला असतात. आज पुढची चाकं हलकी झाली तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही घेतली असतीत तर मादी मागच्या रॅकवरच ठेवली असतीत, उंच, नीट, आणि क्वाड त्याच चढावर तुमच्या अंगावर उलटली असती. म्हणजे माझ्या न येण्याने काही बिघडलं नाही. हा विचार ट्रॉली जोडेपर्यंत टिकला. फळी टाकताना लक्षात आलं की मी आले असते तर हेच बघितलं असतं आणि हेच सांगितलं असतं. वजन खाली घ्या, बाबा, मागे ट्रॉली लावा. मला पाच मिनिटं लागली असती. तुम्ही त्यासाठीच बोलावत होतात.

फॉर्म उलटून पुढची बाजू भरली आहे. यंत्र: क्वाड, जुनी. दोष: मागच्या रॅकवर वजन ठेवल्यास चढावर उलटण्याची शक्यता. उपाय: ट्रॉली, तळाला नवी फळी. वापरास योग्य. खाली तपासणाऱ्याची सही केली आणि तारखेची जागा कोरी ठेवली. कागद घडी करून सीटखालच्या कप्प्यात ठेवणार आहे, यंत्राचे कागद जिथे असतात तिथे.

त्या शनिवारी मी ऑन कॉल नव्हते. सप्टेंबरमध्ये नव्हते, ऑक्टोबरमध्येही नव्हते. त्या शनिवारी मी घरी पडद्यांना हुक लावत होते.

आज सकाळी दंव पडलं होतं. शेतकरी यायच्या आधी मी गोठ्यात जाऊन इंजिनाला हात लावला. गार होतं. दोरी ओढली. चौथ्या झटक्याला ते सुरू झालं.