शिवणीचं झाड

सोमवार, ७ जुलै
पोचले एकदाची. इंग्लंडातल्या डेव्हनमधलं गाव छान आहे. घरमालकीण मिसेस लस्कम बोलघेवडी. आल्या आल्या चहा, स्कोन नावाचे गोडसर पाव, वर बोटभर मलई. काम नेहमीचंच: रोग लागलेलं अॅशचं झाड ओळखायचं, खोडावर नारिंगी ठिपका मारायचा. रोग टोकाकडून खाली येतो. निम्म्याहून जास्त शेंडा वाळला की झाड गेलं. त्यावर चढायचं नाही, खाली उभं राहायचं नाही. फांदी बिस्किटासारखी तुटते. मग पोकलेन चालवणारा डेन्झिल झाड चिमट्यात धरून करवतीने कापतो. इथलाच, पन्नाशीचा. मला 'साहेब' म्हणून चिडवतो. पाय भरून आलेत. बास.

बुधवार, ९ जुलै
चाळीस झाडं. शाळेच्या बसथांब्यावरचं पार गेलेलं. खोडावर उभी जुनी शिवण, दोन अर्धी जोडल्यासारखी. ठिपका मारला. डेन्झिल म्हणाला, साहेब, हे माझं. तान्हेपणी त्याला अंतर्गळ होता. बापाने हेच झाड रोप असताना उभं चिरलं, उघड्या पोराला तीनदा त्यातून पलीकडे दिलं, रोप बांधून टाकलं. ते जुळलं, हा बरा झाला. ते पडलं की मीही आडवा, म्हणाला आणि हसला. मी म्हटलं, येड्या, काम कर.

शुक्रवार, ११ जुलै
डेन्झिलच्या बोटांची टोकं काळी. ग्रीस आहे म्हणतो. ग्रीस साबणाने जातं. माथ्यावरचे केसही गेले, सोमवारी होते. मिसेस लस्कम म्हणाली, पोरी, शिवणीच्या झाडाला आम्ही हात लावत नाही, ठिपका पुस. मी म्हटलं, आणि फांदी पोरांवर आली म्हणजे? बसथांबा हलवा म्हणून ऑफिसला फोन केला. पुढच्या महिन्यात बघू म्हणे.

सोमवार, १४ जुलै
ठिपका घासला. निघत नाही.
फांदी पडली, थांब्याच्या बाकावर. पोरं नुकतीच बसमध्ये चढली होती. डेन्झिलने पाहिलं. उद्या कापतो म्हणाला.
त्याचे हात कोपरापर्यंत काळे. मी त्याला झाडासारखं मोजते आहे. निम्म्याहून जास्त.

मंगळवार, १५ जुलै
व्हॅनमध्ये बसून लिहितेय. डेन्झिलला म्हटलं, उतर, दुसरा माणूस आणू. म्हणाला, साडेतीनला पोरं उतरतील इथे, साहेब, तुम्ही लांब थांबा. चिमटा आवळला.
करवत लावलीच नाही अजून — तरी शिवण उकलतेय, खालून वर —
केबिनमधून आवाज. वाळलं लाकूड मोडल्यासारखा —
खाली उभं राहायचं नाही, मीच सगळ्यांना सांगते. जाते, वही हातातच. ठिपका माझा —
केबिनच्या काचेतून दिसतोय तो. शर्ट उघडा, आणि पोटावर तीच शिवण —