लिपी क्रमांक ५७०

मी, पुंजाजी किसन वाकोडे, वय एकाहत्तर, निवृत्त ग्रंथालय सहायक, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. मजकूर माझा आहे, कोणी सांगितलेला नाही.

१. हे मृत्युपत्र मराठीत, पण दोन लिपींत आहे. जगातल्या लिपींना आंतरराष्ट्रीय क्रमांक असतात आणि पुस्तकांची नोंद करताना ते लिहिणे हे माझे काम होते. देवनागरी ३१५, मोडी ३२४, ब्रेल ५७०. एक प्रत ३१५ मध्ये आहे. दुसरी ५७० मध्ये मी स्वतः टोचली, कारण माझी मुलगी रेणुका जन्मापासून अंध आहे आणि हा कागद तिने स्वतः वाचायचा आहे. फरक आढळल्यास ५७० खरी मानावी. कच्ची प्रत दाखवायला गेलो तेव्हा नोंदणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी ठिपके पाहून विचारले, "हे कोनती भाषा हाय?" मराठी, म्हणालो. "मराठी अशी नसते हो." भाषा वेगळी आणि लिपी वेगळी, हे समजावेपर्यंत त्यांची जेवणाची सुट्टी झाली.

२. राहते घर, न्हाणीच्या गळक्या पत्र्यासह, रेणुकाला. वस्तूंच्या जागा तिला पाठ आहेत. कोणी कपाट सरकवू नये.

३. मुलगा संघर्ष. माझी पत्नी भिमाबाई हिने जाण्यापूर्वी सुलतानपूरचे शेत दोन्ही मुलांच्या नावे केले होते. संघर्षने हक्कसोडीचा कागद बहिणीला वाचून दाखवला, हक्क सोडण्याच्या तेवढ्या ओळी गाळल्या, अंगठा घेतला आणि शेत विकले. मी जाब विचारला तर म्हणतो, "तिले वाचता येत नाही बाबा, म्हणून म्या वाचलं. माह्यं काय चुकलं?"

रेणुका तिथेच बसली होती. म्हणाली, "मले वाचता येते. त्या कागदालेच माही लिपी येत नव्हती."

तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. मला त्याचा राग आहे, आणि माझ्यामागे ही दोघे अशीच राहतील याची भीती त्याहून मोठी आहे. "तिचा हिस्सा देऊन टाकतो" असे त्याने वेळोवेळी सांगितले. जो मजकूर लिहिलाच गेला नाही त्यासाठी ९९७ हा क्रमांक आहे. त्याची वचने तिथे नोंदवावीत.

४. ब्रेलची पाटी आणि टोचणी रेणुकाला. उलटी अक्षरे उजवीकडून टोचत जायची, मग कागद पलटून बोटांनी वाचायचे, हे मी पन्नाशीत शिकलो. माझ्या चुकांना ती हसत आली आहे. या वेळीही हसावे.

५. मी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला भाषणे नकोत. सायकल चालवता येईल त्याने न्यावी, म्हणजे संघर्षने नाही.

६. या कलमाचा मुख्य मजकूर फक्त ५७० मध्ये आहे. ३१५ च्या प्रतीत याखाली जागा कोरी दिसेल, ती टंकलेखनाची चूक नव्हे. त्यात संघर्षचा वाटा लिहिला आहे. हवा असल्यास त्याने बहिणीसमोर बसावे आणि "वाचून दाखव" असे तोंडाने म्हणावे. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतल्यास वाटा रद्द. रेणुका सगळे वाचेल. मधली ओळ गाळायची तिला सवय नाही.

सही : पुंजाजी किसन वाकोडे

आमच्यासमोर सही झाली. सहाव्या कलमातले ठिपके आम्हांला वाचता आले नाहीत.
साक्षीदार : १. प्रेमानंद सीताराम इंगळे  २. चांगुणा रमेश तायडे

मोताळा, दिनांक ११ मार्च २०२५