दिलीपच्या नावाची ढाल

रविवार, संध्याकाळ. जळगाव.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज दिलीपची शोकसभा झाली. ‘तरुणांचा समुपदेशक, जिद्दी धावपटू’ म्हणून सगळे भरभरून बोलले आणि शेवटी जाहीर काय केलं, तर त्याच्या नावाने धावण्याची स्पर्धा, पहिल्या नंबराला ढाल! अरे, हा माणूस मेहरूण तलावाभोवती आयुष्यभर मुद्दाम सगळ्यांच्या मागे धावला. समोर खुर्चीत बसवलं की पोरं तोंड उघडत नाहीत, म्हणायचा. जो मागे पडेल त्याच्या शेजारी जायचा आणि विचारायचा, “बूट चावतोय का?” फेरी संपेपर्यंत पोरगं घरातलं सगळं सांगून मोकळं. मी पुढून ओरडायचो, “दिल्या, पाय उचल!” पण ऐकेल तर शपथ.

हे मी सभेत सांगितलं. अध्यक्ष नाना हसले. “शेवटनाले कोनी ढाल देस का, भाऊ?” बाकीचेही हसले. एवढी साधी गोष्ट कळू नये यांना?

उठलो आणि तरातरा बाहेर पडलो. तलावापर्यंत एकटाच चालत आलो. मागून कोणी विचारलं नाही, बूट चावतोय का म्हणून.