जीपला भरवलेला घास

सौंदड,
१६ ऑगस्ट २०२५

चि. गजेंद्र यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. तुमच्या भिलाईत पोस्टमन अजून दारापर्यंत येतो की नाही, देव जाणे. आम्ही ठीक आहोत. धानाची रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी आहे. गावाकडे आईचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. शेजारच्या नंदाबाईशी रोज एकदा भांडण होतं, नाही झालं तर दोघींनाही करमत नाही.

तुझा निरोप मामांकडून कळला. बाबांच्या वर्षश्राद्धाला येईन, पण भाऊजी घरात दिसले तर उलट्या पावली परत जाईन, असा. आईनंही लगेच तुझीच री ओढली. जावयाला त्या दिवशी येऊ नको म्हणावं, हे तिनं मलाच सांगायला लावलं. मी घरी येऊन यांना सांगितलं, तर हे 'बरं' म्हणाले. जेवले आणि गॅरेजवर गेले. मला मात्र तुम्हा सगळ्यांचा राग आला, यांचाही.

म्हणून आता बाबांच्या जीपबद्दल लिहिते. तुला नको असलं तरी वाच.

बाबांच्या छातीत कळ आली त्या दुपारी जीप यांनीच हाकली, हे तुला ठाऊक आहे. पावसानं रस्त्याचा चिखल झाला होता, दुसरी कुठलीच गाडी गावातून निघाली नसती. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली, जंगलातला चढ चढली आणि नाल्याच्या पुढे दम सोडून बंद पडली. आदल्याच आठवड्यात यांनी तिचा डिझेल फिल्टर बदलला होता. आपल्याच हातून कुठे पाइप सैल राहिला, त्यातून हवा शिरली, असं यांना वाटलं. हातपंप मारून हवा काढली. गाडी सुरू झाली, थोडी चालली, परत बंद. पुन्हा पाइप आवळले, पुन्हा पंप मारला. मी मागे बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हे बोनेटमध्ये वाकलेले असतानाच बाबा गेले. मी यांना लगेच सांगितलं नाही. ते इतक्या घाईनं हात चालवत होते की माझ्यानं सांगवेना.

तेरवीला तू भर पंगतीत म्हणालास, "माह्या बाबाले तुमी मारलं, भाऊजी." हे खाली मान घालून बसले, कारण तेव्हा यांनाही तसंच वाटत होतं.

नंतर यांनी जीप आमच्या अंगणात ओढून आणली आणि तिच्यामागे वेड्यासारखे लागले. फीड पंप खोलला, पाइप फुंकून पाहिले, फिल्टर पुन्हा नवा घातला. कुठेच खोट नाही. तरी थोडी चालली की मरायची आणि उभी राहिली की परत जिवंत व्हायची. एक दिवस मला सोबत घेऊन मैदानात फेऱ्या मारल्या. इंजिन मरायला लागलं तशी मला उतरून टाकीचं झाकण उघडायला लावलं. झाकण फिरवताच टाकीनं जोरात हवा आत ओढली, आणि जीप पुन्हा नीट चालली. झाकण घट्ट लावलं, दोन फेऱ्यांत परत तेच.

त्या झाकणाला सुईच्या नाकाएवढं भोक असतं, गजू. टाकीतलं डिझेल उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. ती गेली नाही तर टाकी डिझेल सोडत नाही. आपल्या जीपच्या झाकणाचं भोक बुजलं होतं. यांनी टाचणीनं खरवडलं तर पिवळी खपली निघाली. मी हुंगून पाहिली. हळद, तूप आणि तांदळाचं पीठ.

हे लिहायचं म्हणून मी तीन दिवस कागद पुढे घेऊन बसत होते.

बैल विकल्यापासून आपली आई पोळ्याला जीपच पुजते, आणि तू तिला हसायचास. गेल्या वर्षी तिनं जीपला घासही भरवला. जिथून गाडी डिझेल पिते तेच तिचं तोंड, म्हणून पिठाचा गोळा झाकणावर थापला. बाबांनी हसत फडक्यानं पुसून टाकला. वरचा निघाला, भोकातला राहिला आणि वाळून दगड झाला. पोळा झाल्यावर जीप जागची हलली नाही, आणि चार दिवसांत बाबांना कळ आली.

मी तिथेच मैदानात खाली बसले. यांनी ती खपली बोटांत चुरली आणि म्हणाले, "कोणाले सांगू नोको. बुढी माहा राग करून राहिली, म्हणून त जगून राहिली. सोताचा राग आला त जगल कायले?"

तेव्हापासून वर्षभर हे तो दोष घेऊन फिरतात. पावसाआधी हे आईच्या घराच्या छपरावरची कवेलू फेरून आले, तिनं चहासुद्धा विचारला नाही. दिवाळीला आमच्या घरचं ताट परत पाठवलं. मला दर वेळी वाटतं, सांगून टाकावं. मग ती बाबांच्या फोटोपुढे बसून जावयाला शिव्या देते ते बघते आणि गप्प राहते. बाबांवर तिचा किती जीव होता, हे तुला मी काय सांगू?

यांना दिलेला शब्द आज मोडला. आईसाठी हे सहन करतील, मला ठाऊक आहे. पण तुझ्यासाठीही त्यांनी का करावं? तू धडधाकट माणूस आहेस, खरं ऐकून मरणार नाहीस.

आईपर्यंत यातलं अक्षरही जाऊ देऊ नको. तिच्यासमोर भाऊजींची बाजूही घेऊ नको, ती हुशार आहे, कारण विचारेल. तू ज्या गाडीनं येशील ती मामांना कळव. स्टेशनवर तुला घ्यायला हेच येणार आहेत. तुला घराच्या दारात सोडून तिथूनच परत फिरायचं, असं त्यांनी आधीच ठरवलंय. मी तुला खरं काय ते कळवलं, हे त्यांना माहीत नाही. तू शिवी दिलीस तरी ते ऐकून घेतील, म्हणून म्हणते, काही बोलू नको. माफीही मागू नको. मुकाट्यानं त्यांच्या मागे मोटारसायकलवर बस आणि घर येईपर्यंत त्यांच्या खांद्यावर हात ठेव.

आईजवळ मोकळेपणी रडता न येणारी,
तुझी ताई
अंजना