काळ्या पट्टीतला मामा

ती. ताईस,

पायाला हात लावून नमस्कार. (गुडघे दुखत असतील तर लांबूनच समज.) जिना चढताना अजून डावाच गुडघा कुरकुरतो, की आता उजवाही त्याला सामील झाला? भाऊजींचा कान उघडला का? नसेल उघडला तर हे पत्र वाचून होईपर्यंत तसाच राहू दे, कारण यातलं काहीही मोठ्याने वाचून दाखवण्यासारखं नाही. इकडे मी देवाच्या कृपेने ठीक आहे. (हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे.) फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. तू फोन स्पीकरवर टाकून भांडी घासतेस, आणि मला जे सांगायचंय ते भांड्यांच्या आवाजात सांगता येणार नाही.

मुद्द्याचं आधी लिहितो. तुझ्या लेकीला घेऊन जा. उन्हाळा संपायची वाट पाहू नकोस. भिंगरी गुणी आहे, कामसू आहे, माझ्या दुकानाचे कोपरे तिने आल्यापासून जेवढे झाडले तेवढे मी अठ्ठावीस वर्षांत झाडले नसतील. पण मला तिची भीती वाटते. पन्नाशीला टेकलेल्या मामाने वीस वर्षांच्या भाचीला घाबरावं, यावर तू हसशील. हसून घे आणि मग पुढचं वाच.

परीक्षा संपताच ती आली ती एक पिशवी कपड्यांची आणि चार पिशव्या रंगांच्या घेऊन. ठरलं असं होतं की दुकानात बसून चौकटी करायला शिकेल आणि बाहेरची रंगाची कामं मिळाली तर करेल. कामं मिळाली. शिंप्याची पाटी, दातांच्या डॉक्टरकडे मुलांच्या खोलीची भिंत, आइसक्रीमवाल्याची गाडी, शिवाय कुणाच्या फाटकावरचा नंबर, कुणाच्या कुत्र्याचं चित्र (कुत्रा बसेना, म्हणून त्याचा मालकच शेजारी पाय दुमडून बसला होता). सकाळी ऊन चढायच्या आत बाहेर पडते, दुपारी परत येऊन पंख्याखाली फरशीवर बैठक मारते, आणि मग तिचं स्वतःचं काम सुरू होतं. या सुट्टीत रोज एक माणूस काढायचा असा तिचा नेम आहे. आता रोज नवा माणूस आणायचा कुठून? मी दुकानातच असतो, मला कुठे जायचं नसतं आणि काच कापताना मी हलत नाही. म्हणून रोज मीच.

आता ती गोष्ट, जिच्याभोवती मी मघापासून घिरट्या घालतोय. माझ्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली, एक गाठ आली आहे. गेल्या उन्हाळ्यात वाटाण्याएवढी होती, आता चिंचोक्याएवढी आहे. दुखत नाही. (मला तीच जास्त भीती. दुखणारी गोष्ट निदान काहीतरी बोलत असते.) कुणाला सांगितलं नाही. शर्टाचं वरचं बटण लावलं की ती कॉलरच्या आत जाते, म्हणून वर्षभर मी बटण लावून हिंडतोय. सकाळी देवापुढे हात जोडतो, तुझे गुडघे, भाऊजींचा कान, भिंगरीची परीक्षा सगळं त्याच्या कानावर घालतो, पण गाठीचं त्यालाही सांगितलं नाही. म्हटलं, त्याच्या ध्यानात नसेल आलं तर आपण कशाला दाखवून द्या.

बाबा शेवटच्या उन्हाळ्यात मफलर गुंडाळून पायरीवर बसायचे, ते तू विसरली नसशील. घामाच्या धारा लागलेल्या असायच्या आणि म्हणायचे, वारं लागतं. आपल्याला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक्कावन्न वर्षांचे होते. मला आता किती चालू आहे ते तुला ठाऊक आहे. मी ती वजाबाकी रोज दाढी करताना करतो.

आणि पहिल्याच दिवशी या पोरीने मला काढलं, ते गाठीसकट. उकाड्याने मी घटकाभर बटण सोडलं होतं, तेवढ्यात. मी म्हटलं, हे काय काढलंयस, पुसून टाक. ती म्हणाली, "मामा, मी दिसतं ते काढते." आपल्या गावच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला गुरुजी टेबलावर फुटका माठ ठेवायचे, आठवतंय? मी तो दर वेळी धड काढायचो आणि दर वेळी मार खायचो. गुरुजी म्हणायचे, तडा कुठाय? मला तडा दिसायचा, पण काढवत नसे. तेव्हा वाटायचं, माठावर दया करतोय. आता वाटतं, भित्रा होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण रोज मलाच काढून काढून तिच्या हातात मीच बसलो. शिंप्याच्या पाटीवर कोट घालून पाहणारा रुबाबदार माणूस आहे, त्याचा चेहरा मी, आणि कॉलरच्या वर डाव्या बाजूला बारीकसा उंचवटा. आइसक्रीमच्या गाडीवर कांडी चाटणारा गृहस्थ मीच, उंचवट्यासह. दातांच्या डॉक्टरकडे तर तिने मगर काढली आहे, तोंड उघडून हसणारी. मुलं तिच्यावर खूश आहेत. मी जाऊन पाहिलं. मगरीला मान नसते असा माझा समज होता. हिच्या मगरीला मान आहे, आणि मानेवर ती आहे.

तेव्हापासून रस्त्याने चालायची चोरी झाली. गाडीची घंटा ऐकू आली की मी गल्ली बदलतो. स्वतःच्याच तोंडाला भिऊन पळणारा माणूस तू पाहिला नसशील. परवा शिंप्याने गाठलंच. "फ्रेमवाले, पाटीवर तुम्हीच ना?" मी म्हटलं, तसं काही नाही, असे चेहरे असतात पुष्कळांचे. तो म्हणाला, "चेहरे असतात हो. पण एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत बटण लावलेला गावात मी एकच पाहिलाय. मोकळं करा की जरा, जीव गुदमरेल!" आणि टेपचं टोक पुढे करून म्हणाला, "कॉलर ढिली करून देऊ का?" मी कॉलर मुठीत धरून घरी आलो.

मग मी एक उपद्व्याप केला. तुला माहीत आहे, फोटोला डाग असला, कोपरा फाटका असला, की आम्ही भोवतीचा पुठ्ठा, म्हणजे माउंट, जरा रुंद कापतो. डाग आत जातो, गिऱ्हाईक खूश. भिंगरीने माझं एक चित्र भिंतीवर लावायला हौसेने दिलं होतं. मी तिच्या पाठीमागे त्याला माउंट कापलं, हनुवटीपर्यंत वर आणलं. चौकोनी कापलं तर मी खिडकीतून डोकावतोय असं दिसलं असतं, म्हणून अंडाकृती कापलं. आणि उरलेल्या तुकड्यांत चौकटीची पुरेशी लांब पट्टी काळीच निघाली, ती ठोकली. हातासरशी केलं सगळं. आता अंडाकृती माउंट आणि काळी पट्टी आमच्याकडे कुणासाठी असते, हे अठ्ठावीस वर्षं हाच धंदा करणाऱ्या माणसाच्या लक्षात यायला नको? नाही आलं. समोर टांगलं आणि निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या निवृत्त बाई नातीचं प्रशस्तिपत्रक घेऊन आल्या. चित्रापुढे थांबल्या. चष्मा काढला, पुसला, घातला आणि हात जोडले. मग हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?"

मी चटकन म्हणायला हवं होतं की बाई, हा मी. पण त्यांनी हात जोडलेले. तोंडातून निघालं ते, "अजून नक्की नाही."

"सुरुवातीला असंच होतं," बाई म्हणाल्या. "मन मानत नाही. थोरले भाऊ ना तुमचे? तुमच्यापेक्षा देखणे होते."

फरशीवरून भिंगरी म्हणाली, "बाई, तो मामाच आहे. आहे अजून. त्याचं फक्त माउंट चुकलंय."

बाई इतक्या गडबडल्या की प्रशस्तिपत्रकाऐवजी विजेचं बिल ठेवून गेल्या. (मी ते जवळजवळ चौकटीत घातलं होतं.) त्या गेल्यावर पोरीने चौकट उतरवली, पक्कडीने एकेक चूक, म्हणजे बारीक खिळा, उपटली, माउंट काढून बाजूला ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आपली वही आणली आणि सगळी चित्रं फरशीवर ओळीने मांडली. चौतीस मामा. प्रत्येकाखाली तारीख. म्हणाली, "आल्या दिवसापासून बघतेय. तू सांगशील म्हणून थांबले. काच कापायला वाकलास की कॉलर सरकते, रोज मापून काढलीय ती. महिनाभरात वाढली नाहीये, बघ. पण दाखवायची. उद्या."

ताई, मी त्या चौतीस माना पाहिल्या आणि मला बाबांचा मफलर दिसला. त्यांच्या घरात चित्र काढणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझी मान दोन मिनिटं पाहिली आणि वही दहा मिनिटं. मग सुईने थोडं काढून घेतलं. (सुईचं लिहीत नाही. मी तिथल्या खुर्चीचा हात सोडत नव्हतो, एवढंच. भिंगरी शेजारी बसून तेही काढत होती.) अहवालाचं पाकीट येऊन चार दिवस झाले. काचांच्या गठ्ठ्यामागे ठेवलं आहे. दिवसातून दहा वेळा काचा पुसतो, पाकिटाला हात लावत नाही. देवाला मात्र आता सांगितलं. तो गप्प आहे, पण तो नेहमीच गप्प असतो, त्यावरून काही काढता येत नाही.

आता तिला घेऊन जा असं का म्हणतो ते कळलं असेल. ही पोरगी दिसतं ते काढते. पाकिटात वाईट निघालं तर पुढे जे जे दिसेल ते ती रोज काढत बसेल, खाली तारीख घालून. आपण दोघांनी बाबांचं पाहिलं ते पुरे. तिच्या वहीत ते नको. काहीतरी कारण काढ, तुझे गुडघे सांग, आणि बोलावून घे.

भाऊजींना नमस्कार, मोठ्याने.

तुझा धाकटा

ता. क. पाकीट या पत्रासोबत पाठवतो आहे, बंदच. तू उघड. चांगलं असेल तर फोन करून तिकडच्या उकाड्याचं बोल. वाईट असेल तर भाऊजींना फोन करायला सांग. त्यांनी मला आजवर एकदाही फोन केलेला नाही, तेव्हा त्यांचं नाव दिसताच मला कळेल. त्यांना बोलायचीसुद्धा गरज नाही.

ता. क. दुसरा. पत्र बंद करण्याआधी पाकीट पुन्हा पाहिलं. त्याच्या तोंडाशी आमच्या दुकानातली खळ आहे. माझी खळ मी ओळखतो. आणि कडेला अंगठ्याचा निळा ठसा, आइसक्रीमच्या गाडीचा निळा. म्हणजे तिने उघडून परत चिकटवलंय. हे कळल्यापासून मी तिच्या तोंडाकडे बघतोय आणि तोंडावरून काही कळत नाही. आज सकाळी तिने दाराएवढा कागद भिंतीला लावला आणि मला समोर स्टुलावर बसवलं. म्हणाली, हे मोठं काम आहे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालेल. ताई, हे ती खरं म्हणून म्हणाली की माझं मन राखायला? तोंडाने कुणीही मन राखतं. स्टुलावर बसून मला दरदरून घाम फुटला आहे.

ता. क. तिसरा. पाकीट या पत्रात नाही, शोधत बसू नकोस. बसल्या बसल्या मी तिला विचारलं, उघडू का? ती मान वर न करता म्हणाली, "तुझं पाकीट आहे. उघड. पण मान हलवू नकोस." उघडलं. अर्धं पान मोठमोठ्या शब्दांचं होतं, मला एकाचाही अर्थ लागेना. शेवटी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि शेवटची ओळ वाचली. साधी चरबीची गाठ. धोका काही नाही. मी म्हटलं, तुला चार दिवस माहीत होतं? ती म्हणाली, "मामा, तू स्वतः उघडशील म्हणून थांबले. किती वर्षं तू दुसऱ्यालाच सांगायला लावणार? आणि मान हलवलीस." मग मात्र तिचेही डोळे भरून आले आणि त्या दिवसाचं काम तिथेच थांबलं.

तेव्हा तिला बोलावू नकोस. गुडघे सांभाळ, पण त्यांचं कारण पुढे करू नकोस. जुन्या चित्राची काळी पट्टी काढून सोनेरी लावली. चारही कोपरे वाकडे आले, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणते, राहू दे तसेच.

एकच काम आहे, आणि खरं म्हणजे पत्र त्यासाठीच पाठवतोय असं समज. भाऊजींचे बिनकॉलरचे जुने सदरे असतील तर दोन-तीन पाठव. माझ्याकडचे सगळे बटणाचे आहेत, आणि इकडे उकाडा फार आहे.