एका टेकडीची सावकाश पाहणी

रविवार, 2 नोव्हेंबर. पौड.

संकल्प. 15 डिसेंबरच्या आत एक डोंगर. एकट्याने, सावकाश, माथ्यापर्यंत.

किशोरराव, म्हणजे आमच्या साप्ताहिकाचे संपादक (वय माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी कमी, आवाज तेवढाच जास्त), नवीन सदर काढतायत. दम लागणाऱ्या, ग्रुपबरोबर जायला लाजणाऱ्या, वयाने मधल्या माणसांसाठी एका दिवसात होणारे ट्रेक. मी म्हटलं, असा एक माणूस माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तीस वर्षं तालुक्यातली उद्घाटनं आणि सत्कार लिहिले, नाव एकदाही छापून आलं नाही. हे सदर माझ्या नावाने, वर फोटो. अट एवढीच की पहिली वाट मी स्वतः चढलेली हवी आणि माथ्यावरचा सेल्फी हवा. नाहीतर सदर ऋषिकेशला. ऋषिकेश सव्वीस वर्षांचा आहे आणि डोंगरावर पळत जातो. जणू उशीर केला तर डोंगर उठून जाईल.

शारदेला सांगितलं. ती म्हणाली, आधी गच्चीवर जाऊन टाकीचा बॉलकॉक बघून या. आमच्या सौभाग्यवतींची दृष्टी गच्चीपलीकडे जात नाही.

मंगळवार, 4 नोव्हेंबर. दुपार.

डोंगराची निवड. हे काम पायांचं नाही, बुद्धीचं आहे. तीन वर्ग पाडले: सुगम, सुगमतर, सुगमतम.

घनगड: शिडी आहे. बाद. कोराईगड: पायऱ्या आहेत, पण त्या वर जातात. बाद. तिकोना: रविवारी मागचे पुढच्यांना ढकलतात म्हणे. एकांताचा भंग. बाद. कैलासगड: कोणीच भेटत नाही म्हणे. एकांताचा अतिरेक. बाद.

उरली कासार आंबोलीमागची बिननावाची टेकडी. वर एक शेंदूर लावलेला दगड, एक झाड. वर्ग: सुगमतम. लहान आहे हे खरं, पण मी नवशिक्या वाचकाचा विचार करतो.

शुक्रवार, 7 नोव्हेंबर.

बूट आणले. आजपासून सरावासाठी रोज पहाटे साडेपाचला चालणार.

शनिवार, 8 नोव्हेंबर.

बूट चावतो. उद्या प्रत्यक्ष चढाई असल्याने सराव करून पाय दमवणं अशास्त्रीय.

रविवार, 9 नोव्हेंबर.

सातला निघणार होतो, पावणेअकराला पोचलो. पायथ्याला हैबतराव भेटले. वाट त्यांच्याच वावरातून जाते. अदबशीर गृहस्थ. मी दर वीस पावलांवर थांबून वर बघत होतो, वहीत लिहीत होतो, मोबाइलवर दिशा तपासत होतो. ते मागे हात बांधून माझ्याबरोबर थांबत होते.

वाचकांच्या दृष्टीने प्रश्न विचारले. गाडी कुठवर येते? वर पाणी आहे का? दुपारनंतर ऊन कुठल्या बाजूला? शांतता असते का? हैबतरावांनी एकेकाचं तपशीलवार उत्तर दिलं. पाणी म्हणे बाराही महिने हाय, बोर मारली तर दीडशे फुटांवर लागंल. तहानलेल्या ट्रेकरसाठी बोर मारायची तयारी. याला म्हणतात आतिथ्य.

मग त्यांनी विचारलं, सायेब, तुमच्याबरोबर अजून कोण हाय? मी म्हटलं, कोणी नाही, मी एकटाच. त्यांचा चेहरा उजळला. एकट्याने चालण्याची कदर खेड्यात आहे, शहरात नाही.

चहा-पोह्यांत बारा वाजले. उन्हात चढणं अविवेक. परतलो.

चढलेली उंची: अंदाजे हैबतरावांच्या गोठ्याइतकी.

रविवार, 16 नोव्हेंबर.

आज थोडा पुढे गेलो. एक मोठा खडक आहे, तिथून दृश्य सुंदर. हैबतरावांना म्हटलं, मला खरं तर इथवरच पुरे आहे, पण वरचंही घ्यायला हवं. ते म्हणाले, घ्या की, तोडून कशाला घेता, आख्खंच घ्या. मी म्हटलं, घेणार, पण मला कसलीही घाई नाही. त्यांनी चुलतभावाकडे, कैलासकडे पाहिलं. कैलास म्हणाला, सायेब लई मुरलेले हायेत. दोन भेटींत माणसाचा व्यासंग ओळखला.

नंतर कैलासने मला बाजूला घेतलं. म्हणाला, दादाच्या अंगानं जाऊ नका, तितं चढ हाय. माझ्या अंगानं सपाट हाय, डांबरीला लागून. एकाच टेकडीला दोन वाटा निघाल्या. एकीला सुगमतम दिल्यावर दुसरीला काय द्यावं, या विचारात बसून राहिलो. मग जेवायची वेळ झाली.

मंगळवार, 18 नोव्हेंबर.

पिरंगुटला सलीमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, बॉलकॉकसाठी. संकल्प ऐकवला. त्यांनी विचारलं, शास्त्रीबुवा, टेकडी चढायला किती वेळ लागतो? म्हटलं, गावकऱ्यांना वीस मिनिटं. आणि तुम्हाला? म्हटलं, दोन रविवार झाले. सलीमभाई हसले नाहीत. फक्त बॉलकॉक दोनदा मोजून एकच दिला.

रविवार, 23 नोव्हेंबर.

आज हैबतरावांनी प्लास्टिकच्या फाइलमधून सातबारा काढून दाखवला. कैलासनेही आणला होता. वार्ताहर दिसला की लोकांना कागद दाखवावेसे वाटतात, हा तीस वर्षांचा अनुभव. दोन्ही लक्षपूर्वक वाचले. अक्षराची तारीफ केली, ते कॉम्प्युटरचं निघालं.

हैबतरावांच्या चुलती धोंडाबाई शेळ्या घेऊन खाली येत होत्या. वय सत्तरच्या पुढे, पायात स्लीपर. मला पाहून म्हणाल्या, अजून हितंच का बाबा? म्हटलं, आजी, मी वाटेची निवड करतोय. त्या म्हणाल्या, त्यात निवडायचं काय? जायाचं वर आन यायाचं खाली. मी दिसातनं दोनदा जाती. नोंद केली: स्थानिक महिला, वेग अनावश्यक.

गुरुवार, 27 नोव्हेंबर.

किशोररावांचा फोन. सेल्फी कुठंय? म्हटलं, पायथ्याचं काम झालंय, आता फक्त टेकडी बाकी आहे.

रविवार, 30 नोव्हेंबर.

गेलो नाही. सर्दी. गिर्यारोहणात विश्रांतीचं महत्त्व कोणी लिहीत नाही. मी लिहिणार.

बुधवार, 3 डिसेंबर.

सलीमभाईंकडे गर्दी. काटेरी तार आणि सिमेंटचे पोल यांचा एक टेम्पो भरून कासार आंबोलीला गेला म्हणे. म्हटलं, गावाची प्रगती होतेय. सलीमभाईंनी हातातलं बिलबुक मिटलं. म्हणाले, शास्त्रीबुवा, तिथं बोलता तरी काय तुम्ही? सगळं सांगितलं: पाणी, ऊन, शांतता, एकटाच आहे, घाई नाही. त्यांनी गिऱ्हाईक सोडून मला खुर्ची दिली. म्हणाले, रविवारी जाल तेव्हा तोंड उघडू नका. नुसते वर जा.

दुकानदार माणूस. संवादाचं मोल त्याला कसं कळावं?

रविवार, 7 डिसेंबर.

लग्न, पिरंगुट. पंगतीत अनोळखी माणसं उठून जागा देत होती. एकाने हळूच विचारलं, महाळुंग्याकडे पण बघताय का? म्हटलं, तिथे उंची नाही. तो म्हणाला, अहो, तिथं आता बावीस मजले आहेत. सदर सुरू व्हायच्या आधीच नाव पसरलंय.

रविवार, 14 डिसेंबर. सकाळ, 6:50.

आज किंवा कधीच नाही. बूट आता चावत नाही, कारण जुन्या चपला घातल्या आहेत. पाणी, गूळ, सेल्फीसाठी चार्ज केलेला मोबाइल. तोंड उघडणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी.

नीट लिहून ठेवतो.

वाट नव्हती. वाटेच्या जागी कुंपण होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचे पोल, पाच पदरी तार, मधे गेट, गेटला कुलूप. पलीकडे हैबतराव नवीन सदरा घालून उभे. म्हणाले, या सायेब, तुमच्यासाठीच केलं. दुसऱ्या कोणी घुसाया नको.

मी म्हटलं, मला वर जायचंय. ते म्हणाले, जावा की, तुमचंच हाय, आधी बैठक होऊ द्या. मग मला एकेक आठवायला लागलं. गाडी कुठवर येते. बोर. आख्खंच घ्या. दोन सातबारे. पंगतीतली जागा.

मी सांगून टाकलं. मी जागा घेणारा नाही. माझं पौडातलं घर शारदेच्या नावावर आहे. मी फक्त चढायला आलो होतो.

हैबतराव हसले. कैलासला म्हणाले, बोलणी सुरू व्हायच्या आधी मोठी गिऱ्हाइकं असंच म्हणत्यात. मग माझ्या चपलांकडे बघून हसायचे थांबले.

धोंडाबाई शेळ्या घेऊन गेटाशी उभ्या होत्या. त्यांचीही वाट बंद. त्यांनी विचारलं, मग महिनाभर तुमचं हितं चाललं काय व्हतं? म्हटलं, आजी, मी चालत होतो. त्या शेळ्यांकडे वळून म्हणाल्या, ह्याला चालनं म्हनत्यात व्हय.

वाटलं, निदान कुंपण तरी निघेल. हैबतराव म्हणाले, न्हाई निघायचं. एक मोठा माणूस दर रईवारी बघून जातोय म्हटल्यावर हिंजवडीचे दोघं येऊन गेले, शुक्रवारी. गाडीतनं उतरले, कंपाऊंड बघितलं, दहा मिंटात हो म्हणाले. तुमच्यासाठी त्यास्नी थांबवून ठेवलंय. वर गेले पण न्हाईत.

माझ्याबद्दल राग नव्हता. चहा दिला. पोहे दिले नाहीत. चहा संपेपर्यंत धोंडाबाई कुंपणाच्या कडेने शेळ्या हाकत कुठे वाट मिळते ते शोधत होत्या. कैलास म्हणाला, आता लांबनं वळसा घालावा लागंल, ओढ्यापासनं. मी विचारलं, किती लांब? तो म्हणाला, म्हातारीला तास. तुमचं काय सांगता येत न्हाई.

सेल्फी काढला. मी, कुलूप, मागे लांबवर झाड.

सोमवार, 15 डिसेंबर.

किशोररावांना लेख पाठवला. वाट पहिली, वर्ग सुगमतम, माथा गेटमधून दिसतो. तासाभरात फोन आला. सदर ऋषिकेशला. मात्र तुम्ही वाट सोडून जे बाकीचं लिहिलंय, म्हणाले, पाणी, डांबरी, भाऊबंद, कुणाच्या अंगाने किती सपाट, ते फार उपयोगी आहे. जानेवारीपासून 'जागा-जमीन' पान तुम्ही बघा. नाव लागणार नाही, त्या पानावर कोणाचंच लागत नाही.

विचारलं, जागा बघायला चालत जावं लागतं का?

म्हणाले, छे, गाडी थेट प्लॉटवर नेतात.

होकार कळवला.